कट्टा आहे तिथेच राहू द्या, कबाब वेगळा खा

ठाण्याच्या नौपाड्यातून एका वाचकांचं चार पानी पत्र आलं आहे. हाताने लिहिलेलं, समास आखून. दोन वर्षांपूर्वी ते बँकेतून निवृत्त झाले. नाव छापू नका म्हणतात, म्हणून छापत नाही. सगळं पत्र द्यायला जागा नाही, मुद्द्याचं तेवढं देते.

"आम्ही शाळेपासूनचे पाच मित्र. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी स्टेशनजवळच्या एका परमिट रूममध्ये बसतो. वर्षानुवर्षं तेच टेबल, तेच चिली चिकन, तोच मसाला पापड. मला खाण्याची मनापासून आवड, पण नोकरीत असताना कधी जमलं नाही. आता वेळ आहे, थोडे पैसेही आहेत. म्हणून गेल्या महिन्यात हट्टाने सगळ्यांना भेंडीबाजारच्या बाजूला कबाब खायला नेलं. सगळा विचका झाला. एसी नाही म्हणून एक जण कुरकुरला. दुसऱ्याने बिअर मागितली, तर वेटर नुसता बघत राहिला. आमच्यातला एक जण शाकाहारी, त्याने रोटी आणि कांदा खाल्ला. खाऊन झाल्यावर जरा गप्पा सुरू केल्या, तर पोऱ्या फडकं घेऊन टेबल पुसायलाच आला. अर्ध्या तासात आम्ही रस्त्यावर! बिलावरून वाजलं ते वेगळंच. आता सगळे म्हणतात, पुन्हा तुझं ऐकायचं नाही. ताई, कबाब मात्र अप्रतिम होते हो. माझं चुकलं कुठे? नवीन ठिकाणं बघायची हौस या वयात कुणाबरोबर भागवायची? सौ. शाकाहारी असल्याने तिचा प्रश्नच येत नाही."

पुढे दोन पोटप्रश्न आहेत. मुलाबरोबर मॉलमधल्या हॉटेलात गेले असता बिलात दहा टक्के सर्व्हिस चार्ज लावला होता, तो द्यावाच लागतो का? आणि माणसाने एकट्याने हॉटेलात जाऊन बसलेलं बरं दिसतं का?

पत्राच्या अगदी तळाशी, सही झाल्यावर, वेगळ्या शाईत आणि वेगळ्या अक्षरात एक ओळ आहे: "मी शाकाहारी आहे, घरकोंबडी नाही."

ही ओळ कुणाची ते सांगायला नको. त्यांच्याकडे मी येतेच, पण आधी कबाब.

नमस्कार.

तुमची निवड चुकली नाही. मित्रांचंही काही चुकलं नाही आणि त्या फडकंवाल्या पोऱ्याचं तर नाहीच नाही. गफलत एवढीच झाली की दोन वेगळी कामं तुम्ही एकाच संध्याकाळी एकाच टेबलावर उरकायला गेलात. काही जागा खायच्या असतात, काही बसायच्या. दोन्हींचा धंदा वेगळा, म्हणून तिथली रीतही वेगळी.

तुमच्या परमिट रूमचा मालक तुम्हाला तीन तास बसू देतो ते काही शाळासोबत्यांच्या प्रेमाखातर नाही. जितका वेळ बसाल तितके पेग, तितका चखणा. म्हणून तिथे एसी, म्हणून मऊ सोफे, म्हणून दिवे मंद. चिली चिकन कसं झालंय याकडे तुमच्यापैकी चौघांचं लक्षही नसतं, ते गप्पांच्या तोंडी लावायला असतं. कबाबवाल्याचं गणित उलटं. तिथे दारू नाही, म्हणजे गिऱ्हाईक कितीही वेळ बसलं तरी बिल तेवढंच. प्लेट स्वस्त, सुटणारा पैसा थोडा. टेबल जितक्या वेळा भरेल तितकी कमाई, आणि दारात पुढची माणसं उभीच असतात. तो पोऱ्या तुम्हाला हाकलत नव्हता, त्याच्या हॉटेलची रीत पाळत होता. तिथली नेहमीची माणसं खाऊन हात धुतात, उठतात आणि गप्पा मारायला समोरच्या चहावाल्याकडे जातात. टेबलावर अनोळखी माणसं येऊन बसणं हेही त्याच रीतीतलं. त्यांच्या ताटात काय आहे ते बघून घ्यायचं, त्यासारखं मेनूकार्ड दुसरं नाही.

बिअरबद्दल एवढंच सांगते: त्या मोहल्ल्यातल्या हॉटेलांत ती मिळत नाही, आणि मागूही नये.

आता कबाबाविषयी जरा सविस्तर लिहिते, कारण मलाही तिथेच रेंगाळायचं आहे. अशा ठिकाणी जास्तीत जास्त दोघांनी जावं. पाच माणसांची ऑर्डर एकदम दिली की पाच प्लेटी एकदम येतात, पहिला कबाब गरम असतो आणि तिसऱ्यापर्यंत चरबी थिजलेली असते. दोघं गेलात की एकेक प्लेट मागवता येते, संपली की पुढची. मेनूकार्ड न उघडता वेटरला विचारा, "अभी क्या उतर रहा है?" सिगडीवरून त्या क्षणी जे उतरतंय ते घ्या, मग ते तुमच्या यादीत असो वा नसो.

आत शिरायच्या आधी सिगडीपाशी दोन मिनिटं उभे राहा. निखाऱ्यांवर राखेची पांढुरकी साय धरली की आच बसली असं समजायचं. ज्वाळा दिसत असतील तर अजून अवकाश आहे. कारागीर परातीतून खिम्याचा गोळा उचलतो, हात पाण्यात बुडवतो आणि गोळा सळईवर मुठीने ओढत नेतो. त्याच्या बोटांच्या खाचा कबाबावर तशाच राहतात. त्या खाचांच्या कडा आधी खरपूस होतात आणि मधला भाग ओलसर राहतो, म्हणून एकाच घासात दोन्ही लागतं. चरबी वितळून निखाऱ्यावर पडते, चर्र होतं, धूर उठतो आणि तोच धूर वरच्या कबाबाला लागतो. तंदुराचं तसं नसतं. तंदूर म्हणजे खोल भट्टी. तापलेल्या मातीची धग चारी बाजूंनी लागते आणि मांस पटकन शिजतं. सिगडीवर सगळा कारभार उघड्यावर, कारागिराच्या हातावर. पुठ्ठ्याने वारा कधी घालायचा, सळई कधी फिरवायची आणि कुठे हात आवरायचा, हे त्याच्या अंगवळणी पडलेलं असतं. तुमच्याकडे वेळ आहे म्हणता ना, मग हे बघायला वेळ काढा.

घाई मात्र एका कारणासाठी करा. 2025 च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं, आणि महापालिकेने कोळशाची भट्टी वापरणाऱ्या हॉटेलांनाही नोटिसा धाडल्या. हवेच्या दृष्टीने त्यात गैर काही नाही. ज्यांची खिडकी अशा भट्टीवर उघडते त्यांना विचारा. पण गॅसवरच्या कबाबाला चव मसाल्याची असते, निखाऱ्याची नसते.

जायचं कुठे? नागपाड्यातलं सरवी हे जुनं इराणी हॉटेल सीख कबाबासाठीच ओळखलं जातं. भायखळ्याला उतरून टॅक्सी करा. आणि बसल्या बसल्या एक प्रश्न निःसंकोच विचारा: "बडे का या छोटे का?" बडे का म्हणजे म्हशी-रेड्याचं, छोटे का म्हणजे बकऱ्याचं. राज्यात गोहत्येवर बंदी जुनीच, 2015 च्या मार्चपासून बैल आणि वळूही त्या कायद्यात आले. म्हशीला मात्र तो लागू नाही. त्यामुळे या भागात पुष्कळ ठिकाणी सीख कबाब बडे का असतो. तुम्हाला चालत असेल तर बिनधास्त खा, चालत नसेल तर आधीच विचारा. कुणी राग मानत नाही. खाल्ल्यावर विचारलंत तर तुमचाच जीव खाली-वर होईल.

भेंडीबाजारातलं नूर मोहम्मदी 1923 सालचं. तिथे शम्मी कबाब मिळतो, संजय दत्तच्या नावाचं चिकन संजू बाबाही मिळतं. पण मी तिथे नल्ली निहारीसाठी जाईन. निहारी रात्रभर मंद आचेवर शिजते आणि तिची खरी वेळ सकाळची. हाडातला मगज रश्श्यात उतरलेला, वर आल्याच्या काड्या, लिंबू, सोबत गरम रोटी. कामाच्या दिवशी सकाळी ठाण्याहून सीएसएमटीच्या गाडीत शिरण्याचा पराक्रम आता कशाला करता? रविवारी जा, बसायला मिळेल. तेवढा मेगाब्लॉक बघा आणि सँडहर्स्ट रोडला उतरा. तुमच्या वयाला आणि गोळ्यांना निहारी किती मानवते ते डॉक्टरांना विचारा, मी त्यात पडत नाही.

तिथून चालत बोहरी मोहल्ल्यात गेलात तर ताज आइस्क्रीम आहे, 1887 पासूनचं. संचात हाताने फिरवलेलं आइस्क्रीम, आत फळांचे तुकडे. सीताफळाच्या दिवसांत सीताफळाचं घ्या. रमजानात मिनारा मशिदीच्या गल्लीत जायची इच्छा असेल तर पहिल्या आठवड्यातच जा, आणि शनिवार-रविवार टाळा. ईद जवळ आली की तिथे पाय ठेवायला जागा नसते.

मुलगा तुम्हाला म्हणत असेल, बाबा, आधी फोनवर स्टार बघा. बघा हवं तर. पण लोक स्टार कशाला देतात तेही वाचा. निम्मे जण पार्किंग नाही म्हणून एक स्टार देतात, उरलेले भिंतीचा रंग आवडला म्हणून पाच. कबाबाबद्दल कुणी ओळभर लिहिलं असेल तर नशीब.

आता तुमचा कट्टा. तो आहे तिथेच राहू द्या. तेच टेबल, तेच चिली चिकन. साठी ओलांडल्यावर पाच शाळासोबती दर महिन्याला न चुकता भेटतात ही सोपी गोष्ट नव्हे, आणि ते भेटणं टिकलंय त्याला एक कारण हे की कुणालाच तिथे काही ठरवावं लागत नाही. तुमच्या खाण्याच्या हौसेचं ओझं त्या शनिवारवर टाकू नका. पाचातला एखादा तुमच्यासारखा जिभेचा असेल, तर त्याला हळूच बाजूला घ्या आणि दोघं नागपाड्याला जा. बाकीच्यांना पुढच्या बैठकीत वर्णन ऐकवा. त्यांना तेवढंच हवं असतं.

वर्षातून एखाद्या वेळी अख्ख्या टोळीला बाहेर काढायचंच असेल, तर खाणं आणि बसणं दोन्ही जमेल अशी जागा शोधा. फोर्टातलं कॅफे मिलिटरी तसं आहे, 1933 सालचं. तिथे बिअर आहे, खिमा आहे, खिम्यात अंडं फोडून केलेला घोटाळा आहे, धानसाक आहे. दुपारच्या जेवणाची गर्दी ओसरल्यावर गेलात तर कुणी फडकं घेऊन येणार नाही. रात्रीची टूम असेल तर कुलाब्याला ताजमहाल हॉटेलच्या मागच्या गल्लीत बडेमियाँ, 1946 पासूनचं. आधी कुठेतरी बसून घ्यायचं, मग रस्त्यावर उभं राहून गाडीच्या बॉनेटवर ताटली ठेवून सीख कबाब आणि बैदा रोटी हाणायची. मुंबईच्या कित्येक पिढ्यांनी हेच केलं आहे. परतीची गाडी मात्र आधी बघून ठेवा. ठाण्यापर्यंत टॅक्सी केली तर कबाब परवडले म्हणायची वेळ येईल.

तुमच्या शाकाहारी मित्राबद्दल मला जास्त वाईट वाटलं. भेंडीबाजारात जाऊन "काहीतरी मिळेलच ना व्हेज" म्हणणं म्हणजे त्याला आधीच सांगणं की तुझ्या जेवणाचं आम्ही धरलेलंच नाही. माणूस मैत्रीखातर कांदा खाऊन गप्प बसला, तुम्ही ते पत्रात एका वाक्यात उरकलंत. पुढच्या खेपेला जागा त्याला निवडू द्या. तो माटुंग्याला किंग्ज सर्कलजवळच्या कॅफे मद्रासला घेऊन गेला तर रांगेत उभे राहा, रवा डोसा खा, फिल्टर कॉफी प्या आणि चिकन कुठाय म्हणून विनोद करू नका. तो विनोद त्याने जन्मभर ऐकला आहे.

बिलाचं वाजलं म्हणता, पण काय वाजलं ते लिहिलेलं नाही. माझा अंदाज, ज्याने रोटी-कांदा खाल्ला त्याच्याकडूनही सारखी वर्गणी मागितली गेली असणार. टीटीएमएम म्हणजे ज्याचं त्याने. एकूण भागिले पाच नव्हे. परमिट रूममध्येही दारूचं बिल वेगळं करून मागा, आणि जो पीत नाही त्याला त्यातून वगळा. वेटरला आधी सांगितलं तर तो देतो. तसंही दारूवर जीएसटी लागत नाही, व्हॅट लागतो. त्यामुळे ती ओळ बिलात वेगळी असतेच. जेवणावर साध्या हॉटेलात 5 टक्के जीएसटी. मोठ्या तारांकित हॉटेलच्या आतल्या रेस्टॉरंटमध्ये तो 18 टक्के असू शकतो, म्हणून तिथल्या मेनूकार्डावरचे आकडे मनात थोडे फुगवूनच वाचावेत.

सर्व्हिस चार्ज हा कर नव्हे. ते पैसे सरकारकडे जात नाहीत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 ला मार्गदर्शक सूचना काढून सांगितलं की हॉटेलांनी तो आपोआप बिलात घालायचा नाही, दुसऱ्या नावानेही नाही, आणि तो दिला नाही म्हणून कुणाला आत घ्यायचं नाकारायचं नाही. हॉटेलवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या, पण 28 मार्च 2025 ला दिल्ली उच्च न्यायालयाने त्या सूचना कायम ठेवल्या. तेव्हा पुढच्या वेळी शांतपणे म्हणा, "एवढं काढून नवीन बिल द्या." आवाज चढवायची गरज नसते, बहुतेक ठिकाणी लगेच काढतात. हुज्जत घातली तर ग्राहक हेल्पलाइन 1915. मात्र तो काढून घेतलात तर वेटरच्या हातात काहीतरी ठेवा. दहा टक्के वाचवले म्हणून खुशीत रिकाम्या हाताने बाहेर पडणारे महाभाग मी पाहिले आहेत. त्या पोराने तुमच्या टेबलाला चार वेळा पाणी दिलेलं असतं.

आता वहिनी.

चार पानांच्या पत्रात त्या एका वाक्यात आल्या, आणि त्या वाक्यातही त्यांचा "प्रश्नच येत नाही". खाली त्यांनी उत्तर दिलं, बरं केलं. मांस न खाणारी बाई बाहेर जेवायला उत्सुक नसते हे तुम्हाला कुणी सांगितलं? घरी शेवटची पोळी कोण खातं ते आठवा. सगळ्यांना गरम वाढून झाल्यावर, ओटा आवरता आवरता, निवलेली. थाळीच्या हॉटेलात नेमकं उलटं होतं. काळबादेवीचं ठक्कर भोजनालय घ्या, 1945 पासूनचं. गल्लीत आत शिरायचं, जिना चढायचा, आणि टेकलात की चारी बाजूंनी वाढपी सुरू. फरसाण, दोन-तीन भाज्या, गोडसर डाळ, कढी, आणि फुलके इतके गरम की वरचं तूप बघता बघता जिरतं. ताटातला फुलका संपायच्या आत दुसरा येतो, तोही न मागता. नको म्हटलं तरी ऐकत नाहीत, तळहात ताटावर आडवा धरावा लागतो. तिथे जाताना सकाळी नाश्ता करू नका. आणि तिथे बसून घरच्या आमटीशी तुलना तर अजिबात करू नका, मग ती कुणाच्याही बाजूने असो.

पंगतीतल्यासारखं पानावर जेवायचं असेल तर माटुंग्याला रामा नायक यांचं उडिपी श्रीकृष्ण बोर्डिंग. 1942 पासून चालू आहे, स्टेशनला लागूनच, पूर्वेला. ठाण्याहून धीमी गाडी धरली की झालं. केळीचं पान, भात, सांबार, रसम, पुऱ्या, वर पायसम. जेवून बाहेर आलात की तिथेच फुलवाले बसलेले असतात. आता काय करायचं ते मी सांगणार नाही. ताडदेवचं स्वाती स्नॅक्स 1963 चं, तिथे पानकी मिळते. तांदळाचं पातळ पीठ केळीच्या पानांच्या दोन तुकड्यांमध्ये पसरून भाजतात. पान सोललं की पापुद्र्याएवढी पातळ पानकी सुटून येते, पानाचा वास अंगात घेऊन. अशी नाजूक गोष्ट पहिल्यांदा खाताना वहिनींना आधी ती कशी केली असेल हाच प्रश्न पडेल. विचारू द्या त्यांना. वेटरला नाही सांगता आलं तर तो आतून कुणाला तरी बोलावून आणेल.

दोघांनी एका टेबलावर आपापलं खायचं असेल, तर बॅलार्ड इस्टेटमधलं ब्रिटानिया आहे, तेही 1923 चं. तिथला बेरी पुलाव नावाजलेला. आंबटगोड लाल बेरी इराणहून येते. मटणाचा, चिकनचा आणि शाकाहारीही मिळतो. म्हणजे तुम्ही मटणाचा घ्या, त्या भाज्यांचा, शेवटी दोघांत एक कॅरॅमल कस्टर्ड (त्यात अंडं असतं, ते आधी सांगा). रास्पबेरी सोडा न पिता उठू नका. हे मुख्यतः दुपारचं हॉटेल आहे, संध्याकाळी जायचं असेल तर आधी चौकशी करा. टेबलाटेबलापाशी येऊन चौकशी करणारे म्हातारे बोमन कोहिनूर 2019 मध्ये वयाच्या 97 व्या वर्षी गेले. ब्रिटनच्या राणीचे ते निस्सीम चाहते होते, आणि नवं गिऱ्हाईक दिसलं की तो विषय हटकून निघायचा.

तिथे न्यायच्या आधी एक गोष्ट विचारून घ्या. काही शाकाहारी माणसांना शेजारच्या ताटात मटण असलं तरी चालतं. काहींना त्या स्वयंपाकघरातलं पाणीही नको असतं. दोन्ही रास्त आहे. वहिनी कोणत्या बाजूच्या, हे तुम्हाला इतक्या वर्षांच्या संसारानंतर नक्की माहीत आहे का? माझी पैज आहे, नाही. त्या तुम्हाला घरी काय खाऊ देतात ते तुम्हाला माहीत असेल. बाहेर त्यांना काय चालतं हा वेगळा प्रश्न आहे. आणि विचारलंत की त्या म्हणतील, "तुम्हाला आवडेल तिथे जाऊ." ते उत्तर धरायचं नाही. तीन नावं पुढे ठेवा आणि एक निवडायला सांगा. कबाबाची नावं त्या तिनांत घालू नका.

राहिला शेवटचा प्रश्न, एकट्याने बसलेलं बरं दिसतं का. दिसतं. निदान इराण्याकडे तरी कुणी वळून बघत नाही, तिथे निम्मी टेबलं एकट्यादुकट्यांचीच असतात. धोबी तलावावर मेट्रो सिनेमासमोर कयानी आहे, 1904 पासून. सीएसएमटीला उतरून रमतगमत चालत जा. ठाण्याहून निघताना कार्यालयांची गर्दी जाऊ द्या, अकराच्या सुमारास पोचा. जेवणाच्या वेळेपर्यंत निवांत बसू देतात. एकच्या पुढे मात्र खुर्ची अडवू नका. भिंतीकडेचं टेबल धरा. आधी खिमा पाव. खिमा पावात भरून खायचा. मग चहा आणि बन मस्का. बनाचा तुकडा चहात बुडवला की लोणी वर तरंगतं, तसंच प्यायचं. पेपर सोबत न्या, नाहीतर समोरच्या माणसाचा अर्धा मागून घ्या, तो देतो.

निघताना काउंटरवर मावा केक दिसेल, घरी न्यावासा वाटेल. त्यात अंडं असतं. वहिनींसाठी खारी बांधून घ्या.